यार्देनच्या पाण्यात इंदूबाई

पहिलेच सांगून ठेवतो, मी देवराव पेंटर, तापट माणूस आहो पण वाईट नाही. निदान मागच्या वर्षापर्यंत माहा तसा समज होता.

महागावात तीस वर्षं झाली बोर्ड रंगवून राह्यलो. किराणा, कृषी केंद्र, दवाखाना, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सारं माह्या हातचं. मंग फ्लेक्स आला अन् ज्याले ब्रश धरता येत नाही तोही पेंटर झाला. बटन दाबलं की दहा फुटी पुढारी बाहेर. त्याच्यावर बोलायले लागलो तं दिवस पुरणार नाही, म्हणून सोडून देतो.

माह्या उस्तादानं मले एकच गोष्ट डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती. तोंड मनानं काढायचं नाही. समोर जिवंत माणूस बसवायचा, त्याच्याकडे पाहायचं, मंग भिंतीकडे. आता तं मले मनानं तोंड काढताच येत नाही. एका वर्षी गणपतीच्या मंडपात रावण काढला तं लोक म्हणे, अरे हा तं सोसायटीचा सेक्रेटरी होय. होताच तो. त्यालेच बसवला होता, चहा पाजून.

तं गेल्याच्या गेल्या डिसेंबरात मिशनच्या चर्चमधून बोलावणं आलं. आमच्या गावाबाहेर चर्च हाय, त्याले लागून पोरापोरींचं होस्टेल. फादर इनास म्हणून वसईकडचे गृहस्थ, नवीनच आलते. त्यायनं मले एक जाडजूड पुस्तक दाखवलं. जुनी चित्रं, शेकडो वर्षांची. मागं सगळं सोनेरी, येशू नदीत उभा, अन् नदी कशी, तं कंगव्याच्या दात्यासारखी उभ्या रेघांची. त्या रेघांमंधी मासोळ्या. मी पाहतच राह्यलो. कोणत्या मुलखातला कोण पेंटर, पण हात काय होता लेकाचा!

"देवराव, ही यार्देन नदी," फादर म्हणाले. "योहान लोकांना पाण्यात उतरवून बाप्तिस्मा देतोय. त्या चित्रकारांनी आपापल्या गावचे चेहरे काढले. तुम्ही आपल्या गावचे काढा. मला गोरागोमटा येशू नको. पूस नदी काढा, पळस काढा, बायकांना लुगडी नेसवा. जमेल?"

जमेल काय विचारता? फ्लेक्सवाल्याच्या बापाले जमणार नाही असं काम होतं ते. वेदीच्या मागची अठरा फूट भिंत. मी घरी जाऊन बायकोले म्हटलं, आता मेलो तरी चालते.

योहानासाठी तांड्यावरचा लखीराम धरला. शेळ्या राखते, छातीपर्यंत दाढी, डोळ्यात नुसता जाळ. सेवालाल महाराजांचा भक्त माणूस, पण "फोटो चांगला काढजो" एवढीच त्याची अट. येशूसाठी एक तूर सोंगणारा गडी बसवला. पाण्यातली रांग गावातूनच भरली. पण रांगेत सगळ्यात पुढं, योहान जिच्या डोक्यावर पाणी ओतून राह्यला ती बाई काही सापडेना. अन् चित्राचा जीव तिच्यातच होता.

ती मले होस्टेलच्या मेसमंधी सापडली. इंदूबाई. साठ लेकरांच्या पोळ्या लाटे. नवरा मोटरचा शॉक लागून गेला, एकच पोरगी उर्वशी, बारावीत. घर बौद्ध, भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, दर पौर्णिमेले पांढरं लुगडं नेसून विहारात जाणारी बाई. चुलीच्या उजेडात मी तिचं तोंड पाह्यलं अन् म्हटलं, हेच.

ती म्हणे, "नाही जी बाप्पा. मी बुद्धाची. माहं तोंड तिथं कायले?"

"अवं बाई, सिनेमातली बाई मरते तं काय खरंच मरते काय?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोकायचं काय घेऊन बसली? मले भाऊ म्हणतं नं? मंग भावाचं ऐक."

ती मले भाऊ म्हणे, तिची पोरगी मामा. त्या शब्दावर मी तिले बसवली. आज तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता ऐका माही अक्कल. डोक्यावर पाणी पडतानी माणसाचं तोंड कसं होते, हे मले मनानं कसं कळणार? म्हणून मी होस्टेलच्या आंगणात तिले पाटावर बसवलं अन् गडव्यानं डोक्यावर पाणी घातलं. जानेवारी महिना, सकाळचे आठ. तिनं "अगं माय वं!" करून अशी बोंब ठोकली की पोरं ताटं सोडून पाहायले आली. सारे हसले, तीही हसली. हसरं तोंड माह्या कामाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी ती ओरडली नाही. डोळे मिटले, तोंड वर केलं अन् पाणी खाली उतरू देलं. मी कोळशानं सपासप काढून घेतलं.

पदरानं तोंड पुसत म्हणे, "बरं वाटलं भाऊ. माय मेल्यापासून डोक्यावर पानी घालनारं कोनी राह्यलं नोतं."

ईस्टरले पडदा उघडला. आजूबाजूच्या गावातून लोक आले, ख्रिस्ती थोडे, बाकी सारे तोंडं ओळखायले आलेले. हा लखीराम, हा अमक्याचा जावई, अन् ही, अरे ही तं आपली इंदूबाई! सगळे मोबाइल वर करून उभे. उर्वशीही आलती. भिंतीपुढं लय वेळ उभी राह्यली अन् मले म्हणे, "मामा, आई एवढी सुंदर हाय हे मले माहीतच नव्हतं."

 खोटं कायले सांगू? तीस वर्षांत मले असं कोणी बोललं नव्हतं.

जुलै-ऑगस्टात उर्वशीचा नंबर सरकारी नर्सिंग कॉलेजात लागला. इंदूबाईनं होस्टेलच्या साठही लेकरायले गोड शिरा खाऊ घातला. पोरीची सीट अनुसूचित जातीतून होती, अन् ती पक्की व्हायले जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी समितीचा दाखला, लागे. तारीख ठरलेली. त्या तारखेच्या आत कागद जमा केला तं पोरगी नर्स, नाही केला तं घरी. अर्ज तिनं अकरावीतच केलता, कागद सारे बरोबर होते, आज ना उद्या येणारच होता.

तेवढ्यात त्या समितीकडे एक तक्रार गेली. "सदर मुलीच्या आईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला असून जानेवारी महिन्यात चर्चच्या आवारात तिच्या डोक्यावर पाणी घालण्यात आले. त्याचे चित्र चर्चच्या भिंतीवर आहे. फोटो जोडला आहे." खाली सही काय, तं "एक जागरूक नागरिक". अरे जागरूका, एवढा जागा होता तं नाव लिहितानीच काय डुलकी लागली होती तुले?

गोष्ट अशी हाय की अनुसूचित जातीचा माणूस बौद्ध असला तं सवलत राहते, ख्रिस्ती झाला की जाते. कायदाच तसा हाय. आई ख्रिस्ती ठरली असती तं लेकीचा दाखलाही गोत्यात अन् सीटही गेली. सारं त्या एका तोंडावर येऊन अटकलं. अन् ते तोंड मी काढलेलं.

चौकशीले समितीच्या दक्षता पथकाचे साहेब येणार म्हणून नोटीस आली. फादर इनास घाबरले नाहीत. मले अन् इंदूबाईले बसवून शांतपणे म्हणाले, "खरं आहे तेवढंच सांगायचं. माझ्याकडे बाप्तिस्म्यांचं रजिस्टर आहे, त्यात इंदूबाईंचं नाव नाही. देवराव, तुमची कोळशाची स्केचेस आणा, तिन्ही दिवसांची. लखीरामलाही बोलवा. तो काय योहान झाला का? आणि एक लक्षात ठेवा, भिंतीला हात लावू नका."

मी मान डोलावली. घरी आलो अन् म्हटलं, स्केचच्या नकला तरी काढून ठेवू. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर विक्की बसते, बारक्या वयात भल्ल्या अकलेचा. स्केचच्या झेरॉक्स काढायले गेलतो तं म्हणे, "मामा, झेरॉक्स कायले काढता? साहेबानं फोटो हातात धरला अन् भिंतीवरचं तोंड जुळलं की खेळ खतम. तोंडच नसलं तं जुळवतीन काय?"

त्याले काय दोष देऊ? तो बोलला अन् मोकळा झाला. ऐकणारा गाढव मी होतो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी फादर यवतमाळले मीटिंगले गेलते, परतणार ते थेट दुसऱ्या दिवशी साहेबाच्या वेळेले. दुपारी चर्चमंधी चिटपाखरू नव्हतं. मी शिडी लावली. विचार असा होता की इंदूबाईच्या जागी दुसरीच बाई काढायची, कोणीही, जगात नसलेली. ब्रश हातात धरून अर्धा तास उभा राह्यलो. मनानं तोंड येईना. नाक काढलं की इंदूबाईचं, हनवटी काढली की इंदूबाईची. शेवटी चिडलो, अन् लाल रंग घेऊन तिचा पदर कपाळावरून थेट छातीपर्यंत ओढला. तोंड गेलं. एक बाई पाण्यात उभी, सगळं डोकं लाल लुगड्यात गुंडाळलेलं.

खाली उतरून पाह्यलं. प्रेतावर कापड टाकल्यासारखं दिसून राह्यलं होतं. पण म्हटलं, जाऊ दे, पोरगी वाचली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब आले. चश्मेवाला, पिकल्या केसांचा, आवाज न चढवणारा माणूस. आधी फादरच्या ऑफिसात बसले. रजिस्टर पानापानानं पाह्यलं. लखीरामले विचारलं तं तो म्हणे, "साहेब, मी सेवाभायाचा माणूस, या पेंटरनं मले दाढीसाठी धरलं." साहेब हसले. इंदूबाईले विचारलं, पाणी कोणी घातलं? ती म्हणे, "या देवरावभाऊनं. चित्रासाठी. लय थंड होतं साहेब." माह्या हातातली तिन्ही स्केचेस त्यायनं पाह्यली. एकात ती ओरडून राह्यली, एकात हसून राह्यली, एकात डोळे मिटलेले.

"चांगला हात आहे हो तुमचा," साहेब म्हणाले. सगळं लिहून घेतलं. पेनाचं टोपण लावलं. झालं होतं. आईशप्पथ सांगतो, सगळं झालं होतं. उठता उठता म्हणाले, "चला, एकदा भिंत पाहून घेऊ म्हणजे पंचनामा पुरा."

फादर पुढं, मागं साहेब, त्याच्या मागं आम्ही. दार उघडलं तं टर्पेंटाइनचा भपका आला. फादर भिंतीकडे पाहून जागीच थांबले. मंग त्यायनं माह्याकडे पाह्यलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

साहेब जवळ गेले, फोटो हातात धरला, भिंतीकडे पाह्यलं, पुन्हा फोटो पाह्यला. बोट लावलं. ऑइल पेंट एका दिवसात सुकते काय? बोट लाल झालं.

"हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "मी साहेब. भिंतीले ओल आलती."

"अठरा फूट भिंत. ओल फक्त तोंडाला आली?"

मी खाली पाहून नखातला लाल रंग खरडायले लागलो.

"पेंटर, काही लपवायचं नव्हतं तर पुसलं कशाला? आणि कोणाच्या सांगण्यावरून पुसलं? चौकशी चालू असताना पुरावा पुसला तर तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो. नीट आठवा आणि सांगा."

गुन्हा म्हटल्याबरोबर माहा सारा ताव उतरला. मोठा तापट माणूस मी, चौकात फ्लेक्सवाल्याची कॉलर धरणारा! मले पोलीस ठाणं दिसलं, बायको दिसली, अन् मी इंदूबाईकडे पाह्यलं. बस, एवढंच केलं. तोंडानं काही म्हटलं नाही.

ती माह्याकडे पाहत होती. तिले वाटलं असन, भाऊ माह्यापायी अडकला. ती पुढं झाली.

"म्या सांगतलं साहेब. भाऊचा काही दोष नाही. म्याच म्हनलं पुसून टाका म्हून."

साहेबानं चश्मा काढून पुसला. त्यायलेही ते आवडलं नसावं. मंग पेनाचं टोपण काढलं अन् ते लिहिलं. इंदूबाईचा अंगठा नाही, सही घेतली, चवथी शिकलेली होती ती. मी बाजूले उभा होतो. "नाही साहेब, ही खोटं बोलते, मले वाचवून राह्यली," एवढं बोलायचं होतं. सात-आठ शब्द. नाही बोललो.

साहेब गेल्यावर फादर फक्त एवढं म्हणाले, "देवराव, मी सांगितलं होतं." करायले गेलो गणपती अन् झाला मारोती, दुसरं काय म्हणू?

पुढं समितीसमोर सुनावणी झाली. तवा मात्र मी हिंमत करून गेलो अन् खरं ते सारं सांगतलं, की मीच पुसलं, माह्या मनानं पुसलं, बाईनं मले वाचवायसाठी खोटं सांगतलं. समोरचे म्हणाले, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात, बाई खोटं बोलल्या, आणि आता तुम्ही खरं बोलताय. आम्ही कोणत्या दिवशीचं धरायचं?"  

अर्ज नामंजूर झाला. तारीख गेली, सीट गेली, तिच्या जागी यादीतली पुढची पोरगी लागली. निकालाच्या कागदात टाइप करून लिहिलं होतं, "अर्जदाराच्या आईने चित्रातील स्वतःचा चेहरा पुसण्यास सांगितल्याचे कबूल केले आहे." उर्वशीनं तो कागद वाचला, घडी केला, पिशवीत घातला अन् यवतमाळले निघून गेली. तिथं एका खाजगी दवाखान्यात लागली. नर्स नाही, मावशी. फरशी पुसणं, बेडपॅन उचलणं. आईचा फोन घेणं तिनं बंद केलं.

फादरनं नागपूरचा वकील पाहून देला. वकील म्हणे, "केस चांगली आहे. एका चित्रावरून असं ठरवता येत नाही. हायकोर्टात हे टिकायचं नाही, पुढच्या वर्षीची सीट तरी वाचेल. मात्र अर्जदार मुलगी आहे. आई कधीही ख्रिस्ती झालेली नाही असं तिचं शपथपत्र लागेल. शुक्रवारपर्यंत सही पाहिजे."

उर्वशी सही करेना. कुरिअरनं पाठवलेले कागद तसेच परत आले. इंदूबाई माह्या घरी आली, उंबऱ्याशीच बसली. तिनं मले एकदाही शिवी देली नाही, हेच तं सोसत नाही. म्हणे, "भाऊ, तुम्ही जाऊन पाहा. तुमचं ऐकन ते."

मी कागद घेऊन बुधवारी सकाळच्या बसनं यवतमाळले गेलो. दवाखान्याच्या मागं, जिथं चादरी वाळत घालतात तिथं ती मले भेटली. वाळून गेलती पोरगी. मी सुरुवातीपासून सारं सांगतलं. पाण्याचं, पुसल्याचं, साहेबाचं, अन् मी इंदूबाईकडे कसं पाह्यलं तेही. काही लपवलं नाही. तिनं चादरी घडी करता करता ऐकून घेतलं.

मंग म्हणे, "मामा, पाणी घातलं हे खरं नं?"

"हो."

"चर्चच्या आंगणात?"

"हो, पण..."

"तोंड पुसलं हे खरं. आईनं सही केली हे खरं. तुम्ही त्या दिवशी उभे होते अन् काही बोलले नाही, हेही खरं. मंग यातलं खोटं कोणतं मानू मी?"

"अवं, तुही माय खोटं बोलली ते मले वाचवायसाठी..."

"तुमाले वाचवायसाठी?" तिनं चादर खाली ठेवली. "पोटच्या पोरीची सीट सोडून? कोणती माय असं करते, मामा? तुम्हीच सांगा."

माह्या बायकोनंही असं केलं नसतं. मीच केलं नसतं. इंदूबाईनं केलं होतं, अन् जगात कोणालेही ते पटण्यासारखं नव्हतं.

ती डोळे पुसत म्हणे, "मले येशूचं काही नाही मामा. घेतला असन तं घेतला. बाबा गेल्यावर एकटी पडली होती, तिले बरं वाटलं असन. मी काय तिले टाकून देणार होतो काय? पण मले तरी सांगायचं होतं. मी कोर्टाच्या कागदावर खोटी शपथ घेणार नाही. अन् तिनं मले खरं सांगेपर्यंत घरीही येणार नाही. एकदा म्हण म्हणा तिले, हो बेटा, घेतला. बस. मंग मी आलोच."

बसमंधी तीन तास मी तेच वाक्य घेऊन बसलो होतो. सांगावं की नाही? नाही सांगतलं तं पुन्हा खोटं. म्हटलं, देवराव, बस झालं तुहं खोटं.

इंदूबाई महागावच्या स्टँडवर वाट पाहत होती. दुपारपासून उभी होती म्हणे. कागद माह्या पिशवीत बिनसहीचेच होते, ते तिले न सांगताच कळलं. आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो अन् मी तिले जशाचं तसं सांगतलं. पोरगी काय बोलली, कशी दिसते, हात कसे फाटले हायेत फिनाइलनं, सारं.

ती ऐकत होती. मधात फक्त एकदा म्हणे, "जेवते का बराबर?"

 समोर पुसदची गाडी लागली, भरली, गेली.

"भाऊ," ती म्हणे, "मी घेतला म्हून सांगतलं तं ते घरी येईन?"

मी चमकलो. "अवं पण तू घेतला नाही नं!"

"मी इचारून राह्यलो, येईन का?"

"येईन तं म्हणे. पण इंदूबाई, तसं म्हटलं की कोर्टाचं संपलं. ते सही करणार नाही. पुढच्या वर्षीची सीटही गेली, जन्मभराची गेली. वकील म्हणते केस चांगली हाय. थोडा धीर धर. समजन तिले कवा ना कवा."

"कवा?"

मी पिशवीतले कागद सारखे करायले लागलो.

"मी पाच मयने झाले खरं सांगून राह्यलो भाऊ," ती म्हणे. "साहेबाले खरं सांगतलं, त्यायले नाही पटलं. पोरीले सांगतलं, तिले नाही पटलं. एक डाव खोटं बोललो तं साऱ्यायले पटलं. नर्स होनं तिच्या नशिबात असन तं होईन, नसन तं नाही. मले माही पोरगी पायजे. लावा फोन."

"इंदूबाई, ऐक माहं."

"तुमचं ऐकूनच पाटावर बसलो होतो नं?"

तिनं ते रागानं म्हटलं नाही. साधंच म्हटलं.  मी मोबाइल काढला. उर्वशीनं आईचा नंबर उचलला नसता, माहा उचलला. मी फोन इंदूबाईच्या हातात देला.

"उर्वशी," ती म्हणे, "मी बोलतो, माय. ठेवू नको बेटा, ऐक." तिनं पदर डोक्यावर सारखा केला, ताठ बसली. "हो. घेतला होता मी. तुले नाही सांगतलं. चुकलं माहं."

तिकडून पोरीचं रडणं मलेही ऐकू येत होतं, स्टँडच्या गोंगाटात. इंदूबाईच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. ती नुसती हो, हो म्हणत होती. हो बेटा, तवाच. हो, पान्यानं. हो, मनापासून.

"शनिवारी सुट्टी हाय नं? मंग शनिवारीच ये," ती म्हणे. "भाकर खाल्ली का आज?"